सरळ केसांवर आफ्रो आणि ड्रेडलॉक्स: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ड्रेड्स (म्हणजे ड्रेडलॉक्स, केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) दोन महिन्यांत सुटले. मेणाने चिकट झाले. मुळाशी सरळ केस नि टोकाला गोळा, अशी गत झाली. सरळ केसवाल्यांच्या या तक्रारी संपत नाहीत, आणि त्यांचं कारण बहुतेकदा एकच असतं: व्हिडिओ पाहिलेला असतो आफ्रिकी वंशाच्या माणसाच्या घट्ट कुरळ्या केसांचा आणि तीच कृती केली जाते आपल्या सरळ केसांवर. तो कुरळा केस मुळापासूनच स्प्रिंगसारखा वळलेला असतो. जेल लावून पीळ दिला की पुढचं गुंतण्याचं काम तो स्वतःच करतो. आपला केस गुळगुळीत. पीळ देऊन हात काढला की मोकळा. म्हणून आपल्याला गाठी हातानेच पाडाव्या लागतात, आणि मेण किंवा जेल लावून गाठ पडत नाही.

आधी आफ्रो, म्हणजे डोक्याभोवती गोल फुलवलेले केस, घेतो, कारण तो एका दिवसाचा मामला आहे. ड्रेड्सचा भाग मोठा आहे. चुका तिथे जास्त होतात आणि निस्तरायला वेळही तिथेच जास्त जातो.

## सुरू करण्याआधी केस तपासा

लांबी. आफ्रोला १० ते २० सेंटीमीटर लांबी उत्तम. खांद्याखालचे केस स्वतःच्या वजनानेच खाली बसतात. ड्रेड्सना किमान १५ सेंटीमीटर हवेत, २० असले तर काम सोपं. गुंतलेली बट पहिल्या वर्षात एक तृतीयांशापर्यंत आखडू शकते, त्यामुळे आज मानेपर्यंत आलेले केस उद्या कानाजवळ दिसले तर दचकू नका.

आधीची रसायनं. स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, स्ट्रेटनिंग यातलं काही झालं असेल तर त्या केसांवर पर्मिंग (रसायनाने केस टिकाऊ कुरळे करणं) करू नका. एकदा रसायनाने सरळ केलेला केस दुसऱ्यांदा रसायनाने वळवायला गेलात तर तो मधूनच तुटतो. तो भाग वाढून कापून जाईपर्यंत थांबा. पाकिटातली काळी मेहंदी किंवा घरगुती डाय लावत असाल तर पार्लरमध्ये ते आधी सांगा. काही उत्पादनांत धातूंचे क्षार असतात आणि पर्मच्या रसायनाशी त्यांचं पटत नाही.

टाळू. कोंडा, फोड, खाज असेल तर आधी त्यावर उपचार करा. उवा-लिखा तर नक्की बघा. एकदा ड्रेड्स झाले की लिखांची फणी फिरवता येत नाही आणि शेवटी डोकं भादरण्याची वेळ येते. भांग रुंद होत चालला असेल किंवा कपाळाजवळचे केस विरळ होत असतील, तर ड्रेड्सचा नाद सोडा. त्यांच्या वजनाने आणि ओढीने मुळं आणखी सैल होतात.

हेल्मेट. पुण्यात राहून दुचाकी चालवणाऱ्यांनी याचा विचार सगळ्यात आधी करावा. ड्रेड्सची जाडी डोक्याच्या घेरात भर घालते. आज घट्ट बसणारं हेल्मेट नंतर बसेलच असं नाही, आणि न बसणारं हेल्मेट घालून फिरणं म्हणजे न घालण्यासारखंच. डोक्याच्या वरच्या भागातल्या बटा बारीक ठेवल्या आणि गाडीवर बसताना केस मानेजवळ बांधले की बराचसा प्रश्न सुटतो.

## भाग पहिला: एका दिवसाचा आफ्रो

पार्लर नाही, रसायन नाही. लागतात ते अंबाड्याला खोचतात ते यू आकाराचे मोठे आकडे, साधारण ६० ते ८०, आणि भरपूर वेळ.

१. कापून घ्या. सगळे केस एकाच लांबीचे असतील तर आफ्रो गोल होत नाही. वर चपटा आणि कानाजवळ पसरलेला त्रिकोण होतो. लेयर कट आधी करून घ्या. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि नंतर दोष आकड्यांना देतात.

२. धुवा, कंडिशनर नको. शाम्पू करून टॉवेलने टिपा. केस ओले नकोत, दमट हवेत. सेटिंग लोशन किंवा मूस (केसांना लावायचा फेस) हलक्या हाताने लावा.

३. आकड्यावर गुंडाळा. पेन्सिलएवढी बट घ्या. आकडा मुळाशी टेकवा आणि बट त्याच्या दोन्ही पायांभोवती इंग्रजी आठसारखी नागमोडी फिरवत टोकापर्यंत न्या. टोक दुमडून आकड्याचे पाय वाकवून अडकवा. मानेकडून सुरुवात करून वर या.

४. वाळू द्या. पूर्ण वाळू द्या. ओल्या केसाची आकार धरून ठेवणारी नाजूक बंधनं पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात. आतून दमट असताना आकडा काढलात, तर जुळणी व्हायच्या आतच केस सरळ होणार.

> तपासा: मानेजवळचा एकच आकडा सोडून बघा. बट गार किंवा जड लागली, तर बाकीच्यांना हात लावू नका.

५. मोकळे करा. आधी फक्त बोटांनी एकेक बट फोडा. नंतर लांब, विरळ दातांची आफ्रो फणी मुळाशी घालून केस वर उचला. साधी फणी वरून खाली ओढलीत की सगळी मेहनत गेली. शेवटी स्प्रे.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा आफ्रो संध्याकाळपर्यंत टिकला तरी खूप, कारण हवेतला दमटपणाच ती बंधनं सोडवतो. कार्यक्रम जूनमध्ये असेल तर अपेक्षा बेताची ठेवा.

टिकाऊ आफ्रो हवा तर पर्मिंग. त्यात अमोनियम थायोग्लायकोलेटसारखं रसायन केसातले गंधकाचे पूल तोडतं आणि न्यूट्रलायझर ते बारीक रॉडवरच्या वळणात पुन्हा जोडतो. हे घरी करू नका, एवढंच सांगतो. पार्लरमध्येही आधी मागची एक छोटी बट करून बघायला सांगा, आणि कानामागे रसायनाची चाचणी करून घ्या. पर्मनंतर दोन दिवस शाम्पू नको. केस महिन्याला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, तेव्हा तीन-चार महिन्यांत मुळाशी सरळ पट्टा दिसायला लागेल. तेव्हा पुन्हा सगळ्या केसांवर रसायन नको. फक्त नव्या मुळांवर.

## भाग दुसरा: ड्रेडलॉक्स

### टप्पा १: सामान

- धातूची बारीक दातांची फणी. प्लास्टिकचे दात पहिल्या दिवशीच मोडतात.
- क्रोशाची स्टीलची सुई, ०.५ ते ०.७५ मिलिमीटर. विणकामाच्या दुकानात मिळते. स्वेटरची जाड सुई चालत नाही, ती केस तोडते.
- भांग पाडायला टोकदार शेपटीची फणी, चिमटे, छोटे रबर.
- कंडिशनर आणि सिलिकोन नसलेला, केस करकरीत स्वच्छ करणारा शाम्पू.
- दुसरा माणूस. मागच्या बटा स्वतःच्या स्वतः करता येत नाहीत. म्हणजे येतात, पण त्या दिसतात तशाच.

मेणाची डबी यादीत नाही. कुणी भेट दिली तर परत करा. मेण पाण्याने निघत नाही; ते बटेच्या आत बसून धूळ, कपड्यांचे धागे आणि ओल धरून ठेवतं. सहा महिन्यांनी बट पिळली की करड्या रंगाचा लगदा बाहेर येतो. शिवाय मेणाने केस एकमेकांना चिकटून सरकायचे थांबतात, आणि सरकल्याशिवाय ते गुंतणार कसे?

### टप्पा २: धुणे आणि कोरडे ठेवणे

आठवडाभर आधी तेल बंद. डोक्याला खोबरेल चोपडायची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं, पण तेलकट केसावर गाठ ठरत नाही. आदल्या दिवशी दोनदा शाम्पू करा, कंडिशनर नको. बोटांत धरल्यावर केस करकरले पाहिजेत. सुरू करताना केस पूर्ण कोरडे हवेत.

### टप्पा ३: चौकोन पाडणे

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. पुढची सगळी वर्षं ड्रेड्स कसे दिसतील, सुकतील किती लवकर आणि टाळूवर किती ओढ येईल, ते इथेच ठरतं.

दोन ते अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडा. पहिली ओळ मानेजवळ. वरच्या ओळीचा चौकोन खालच्या दोन चौकोनांच्या मधोमध, भिंतीत विटा रचतात तसा. चौकोन एकाखाली एक सरळ आले तर मधली टाळू रेघांसारखी दिसत राहते. प्रत्येक चौकोनाला सैल रबर लावा आणि सगळं डोकं विभागून झाल्याशिवाय एकही बट करायला घेऊ नका. करत करत विभागत गेलात तर मानेजवळ करंगळीएवढ्या आणि टाळूवर अंगठ्याहून जाड बटा होतात.

जाड बटांचा मोह आवरा. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत बोटाहून जाड बट आतून वाळतच नाही. कपाळाजवळची आणि कानशिलांवरची ओळ बारीक ठेवा, तिथली मुळं नाजूक असतात.

घरात या टप्प्यावर कुणीतरी जटेचा विषय काढणारच. आपल्याकडे अजूनही काही बायकांच्या डोक्यातली जट देवीचा कौल समजून वर्षानुवर्षं तशीच ठेवली जाते, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालून ती कापून देतात. न विभागता, न धुता सोडून दिलेल्या केसांचं काय होतं ते त्यात दिसतं: सगळे केस मिळून एकच जड पुठ्ठा, मानेला ओढ, आत हवा नाही. म्हणून ‘काही करू नका, आपोआप होतील’ ही पद्धत मी सरळ केसांना सुचवत नाही. घरच्यांना मात्र आठवडा-दहा दिवसांनी डोकं धुऊन दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

### टप्पा ४: उलटी फणी

पार्लरमध्ये ज्याला बॅककोंबिंग म्हणतात तेच, पण खूप घट्ट.

१. बट सरळ वर ताणून धरा. रबर काढा.

२. टाळूपासून एक-दोन सेंटीमीटरवर फणी घाला आणि केस टाळूकडे दाबा. लांब फटकारे नकोत. छोटे, जलद, एकाच दिशेने. मुळाशी छोटा घट्ट पुंजका जमायला लागेल.

३. तो बोटांनी दाबून बघा. कापसासारखा दबत असेल तर अजून त्याच जागी काम करा. घट्ट लागला की मगच अर्धा सेंटीमीटर पुढे सरका.

४. दुसऱ्या हाताने बट हळूहळू एकाच दिशेने फिरवत राहा, म्हणजे पुंजका गोल होतो.

५. असं टोकापर्यंत. टोकाला तात्पुरता सैल रबर.

नेहमीची चूक अशी: मधून सुरुवात करायची, कारण तिथे पटकन फुगतं. मग मुळाशी तीन-चार सेंटीमीटर केस सरळच राहतात, बट तिथे लोंबकळते आणि शेजारच्या बटेत घुसते.

एका बटेला १५ ते २० मिनिटं लागतात. पन्नास बटा म्हणजे साधा हिशेब करा. एका दिवसात उरकायचा हट्ट नको. शेवटच्या बटा दमलेल्या हाताने होतात आणि त्याच आधी सुटतात. मधे जेवा, झोपा. मानेकडून वर या, म्हणजे पुढच्या, दिसणाऱ्या बटांपर्यंत हात बसलेला असेल.

> तपासा: पाच बटा झाल्या की थांबा. भुवया वर करा, मान खाली घाला. टाळू चरचरत असेल किंवा मुळाशी लाल पुरळ दिसत असेल तर फार ओढलंय. लगेच सैल करा. पहिले एक-दोन दिवस टाळू हुळहुळणं समजू शकतं, पण ठणका, पुळ्या किंवा झोप न लागण्याइतकी ओढ असेल तर ते सहन करायचं नसतं. अशी ओढ महिनोन्महिने राहिली तर केस कायमचे जाऊ शकतात.

### टप्पा ५: क्रोशाची सुई

नुसत्या उलट्या फणीची बट पहिल्या एक-दोन धुण्यांतच ढिली होते. तिला बांधते ती सुई.

बट डाव्या हाताच्या चिमटीत धरा. सुई एका बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने जेमतेम आकडी बाहेर काढा, सुटे केस अडकवा आणि बटेच्या पोटात ओढून घ्या. सुई पूर्ण बाहेर येऊ द्यायची नाही. नाहीतर एका बाजूचे केस आत जातात आणि दुसऱ्या बाजूला तुरा उभा राहतो. एकाच जागी चार-पाच छोटे झटके, मग बट किंचित फिरवा, पुन्हा तेच. चिमटीखाली बट कडक होत जाताना कळते. बरोबर झालेली बट दोरीसारखी वाकते. काडीसारखी ताठ उभी राहिली तर सुई जास्त झाली.

हाताला ‘टक टक’ असं तुटल्यासारखं जाणवायला लागलं, तर थांबा. ते केस तुटतायत. सुईने बट लगेच देखणी होते, म्हणून हात आवरत नाही. आणि पहिल्याच दिवशी शंभर टक्के गुळगुळीत केलेल्या बटा वर्षभरात मधून पातळ पडतात. थोडी भुरभुर राहू द्या.

टोकं मोकळी ठेवायची की बोथट, हा आवडीचा प्रश्न. बोथट हवी असतील तर शेवटचे दोन सेंटीमीटर दुमडून सुईने आत ओढा.

काम संपलं की त्याच दिवशी मुळाशी लावलेले सगळे रबर काढा. टोकांचे दोन-तीन आठवड्यांत काढा. मुळाशी विसरलेला रबर केसात रुतून बट तिथेच कापतो.

### टप्पा ६: पहिलं धुणं

आठवडा ते दहा दिवस थांबा, मग धुवा. ‘ड्रेड्स धुवायचे नसतात’ हे चूक आहे. तेल आणि घाम साचलेला केस निसरडा होतो आणि गुंतत नाही. पुढे आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा.

शाम्पू मगभर पाण्यात मिसळून टाळूवर ओता. बोटांच्या पेरांनी मुळं चोळा, बटांना फक्त दाबा. फेस खाली वाहत जाताना बटा आपोआप स्वच्छ होतात. मग पाणी, आणि आणखी पाणी. बट पिळल्यावर निघणारं पाणी स्वच्छ आणि फेस नसलेलं दिसेपर्यंत. शिकेकाई-रिठा वापरायचाच असेल तर काढा करून फडक्याने दोनदा गाळून घ्या. पूड थेट लावलीत तर तिचे कण बटेतून निघत नाहीत. बेसन, मुलतानी माती, अंडं यांचं तर नावच नको.

### टप्पा ७: वाळवणं

ड्रेड्स खराब होतात ते बहुतेक इथे. बाहेरून कोरडी लागणारी बट आत ओली असते, आणि ओल्या बंद जागेत बुरशी येते. कुबट, ओल्या पायपुसण्यासारखा वास आला की समजा.

- सकाळीच धुवा. रात्री धुऊन झोपू नका.
- पंच्यात एकेक बट दाबून पाणी काढा. पिरगाळू नका.
- ऊन असेल तर ऊन, नाहीतर पंखा. पावसाळ्यात हेअर ड्रायर मंद आचेवर, मुळांपासून सुरू.
- पूर्ण वाळेपर्यंत बांधू नका, टोपी-हेल्मेट घालू नका.

> तपासा: सगळ्यात जाड बट टिश्यू पेपरात दाबा. कागदाला ओल लागली तर अजून वेळ आहे.

वास आलाच तर धुऊन, ड्रायरने सलग दोन-तीन दिवस नीट सुकवून बघा. तरी गेला नाही, किंवा बटेच्या आत काळपट ठिपके दिसले, तर ती बट कापा. अत्तर मारून काही होत नाही.

### टप्पा ८: मुळांची देखभाल

नवा केस सरळच उगवणार. दर सहा ते आठ आठवड्यांनी मुळाशी आलेला सरळ भाग सुईने बटेत घ्या. त्याच्या आधी नको. आठवड्याला सुई घेऊन बसणाऱ्यांची मुळं पातळ होतात. मधल्या काळात बोटाच्या पेराने मुळाशी गोल घासा, नेहमी एकाच दिशेने, आणि धुतल्यावर बट तळहातांत लाटा.

त्याहून महत्त्वाचं, आणि रोजचं काम: शेजारच्या बटा एकमेकींपासून सोडवणं. आंघोळीनंतर टाळूवरून बोटं फिरवा आणि जिथे दोन मुळं जोडली गेलीत तिथे अलगद ओढून वेगळी करा. दोन आठवडे विसरलात तर पुढच्या खेपेला कात्री लागते.

बटेचं टोक तिच्याच मुळातून ओवण्याची युक्ती व्हिडिओत सोपी दिसते. सरळ केसांत तिने मुळाशी भोकं पडतात आणि बट तिथून दुभंगते. टाळा.

तेल लावायचंच असेल तर तीन-चार महिन्यांनंतर, टाळूवर बोटाने दोन-तीन थेंब. चंपी नाही. उशीला सॅटिनचा किंवा गुळगुळीत अभ्रा घाला. टर्किशच्या आणि लोकरीच्या कापडाचे धागे बटेत अडकतात आणि काळ्या केसांत पांढरे दिसतात. होळीला डोकं पूर्ण बांधा. कोरडा रंग बटेत शिरला की महिनोन्महिने प्रत्येक धुण्याला गुलाबी पाणी निघतं.

गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर करून घेणार असाल, तरी वरचे तपास स्वतः करा: सुई किती बारीक आहे, मेण वापरतायत का, आधी सगळं डोकं विभागतायत का. समुद्रात पोहायला हरकत नाही, खारं पाणी केस खरखरीत करून गुंतायला मदतच करतं. पण त्याच दिवशी गोड्या पाण्याने वाळू आणि मीठ काढून टाका.

### पहिलं वर्ष कसं जातं

पहिला महिना नीटनेटका दिसतो. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात भुरभुर, वळसे, मधेच फुगवटे, कानाजवळ मोकळे केस. घाबरून पुन्हा सगळ्या डोक्यावर सुई मारण्याची चूक इथेच होते. सुटलेल्या तेवढ्याच बटा दुरुस्त करा. सरळ केसांना घट्ट व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

आणि नको झाले तर? पहिल्या काही आठवड्यांत भरपूर कंडिशनर लावून, टोकाकडून वर येत, धातूच्या फणीने ते उकलता येतात. वर्षानंतरही येतात, पण अनेक दिवसांचं काम आहे. त्या वेळी हातात येणारा केसांचा ढीग पाहून हाय खाऊ नका. माणसाचे रोज ५० ते १०० केस तसेही गळतात; एरवी ते फणीत दिसतात, इथे वर्षभर बटेत अडकून राहिलेले असतात.